अकराव्या ताशी बाजारात उभे असलेले

मननासाठी शास्त्रभाग : मत्तय २०:१-१६, प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७, ११:२५-२६, १८:१-३



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपल्या उपासनांत पुष्कळदा वाचला जातो. सकाळी आलेल्यांना आणि संध्याकाळी आलेल्यांना सारखीच मजुरी मिळाली, यावरून आपण देवाच्या कृपेविषयी शिकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या दाखल्यातील एका गोष्टीपाशी आपण फारसे थांबत नाही. मजुरीचा प्रश्न संध्याकाळचा आहे. त्याआधी सबंध दिवस काही माणसे बाजारात उभी होती. अकराव्या ताशी, म्हणजे दिवस मावळायला एखादा तास उरला असता, धन्याने त्यांना रिकामे उभे राहण्याचे कारण विचारले. आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, इतकेच त्यांनी सांगितले.

या उत्तरावर धन्याने त्यांना आळशी म्हटले नाही. सकाळपासून काय करीत होता, अशी झडती घेतली नाही. त्याने त्यांचे म्हणणे खरे मानले आणि त्यांना कामावर पाठविले. ही माणसे घरी निजून राहिलेली नव्हती. जेथे काम मिळण्याचा संभव होता तेथे ती दिवसभर उभी होती. आणि दाखल्यात सर्वांत जास्त फेऱ्या घातल्या त्या मजुरांनी नव्हे, तर धन्याने. तो पहाटे गेला, तिसऱ्या ताशी गेला, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशीही गेला. स्वर्गाचे राज्य अशा धन्यासारखे आहे, असे आपला प्रभू सांगतो. मग त्या राज्याच्या लोकांनी बाजारात उभ्या असलेल्यांकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचा विचार आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आजचा बाजार पाहायचा तर वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीकडे पाहू या. वडोदऱ्याहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मही नदी ओलांडण्याआधी हे लहानसे स्टेशन लागते. गुजरात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ च्या कायद्याने स्थापन झाले, आणि पुढे त्याने ज्या वसाहती उभारल्या त्यांपैकी नंदेसरीची वसाहत प्रामुख्याने रसायनांच्या कारखान्यांची आहे. त्याच पट्ट्यात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. इंडियन पेट्रोकेमिकल्स ही सरकारी कंपनी १९६९ साली स्थापन झाली, आणि २००७ साली ती एका खाजगी कंपनीत विलीन झाली. सरकारी कंपनीत एकदा चिकटला की मुलगा निवृत्तीपर्यंत सुटला, असे ज्या पिढीने पाहिले, त्या पिढीच्या नातवंडांना आता ठेकेदाराच्या हाताखाली मुदतीची कामे मिळतात. हा बदल घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेतला नाही, तर मुलावर नाहक दोष येतो.

गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात मराठी बोलणारी घराणी आहेत. नंदुरबार, धुळे, जळगाव हे जिल्हेही गुजरातला लागून किंवा जवळच आहेत, आणि तिकडची मुले पदवी घेऊन सुरतेच्या व वडोदऱ्याच्या गाड्यांत बसतात. बी.एस्सी.चे किंवा बी.कॉम.चे प्रमाणपत्र पिशवीत असते, एखाद्या नातेवाइकाचा पत्ता असतो, आणि कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी अर्ज घेऊन ठेवतो किंवा तोही घेत नाही. अशी मुले रविवारी आपल्याच मंडळीत मागच्या बाकावर येऊन बसत असतील. उपासना संपल्यावर आपण त्यांना काय विचारतो? बहुधा एवढेच की, अजून काही झाले नाही का? या प्रश्नाने त्यांच्या हाती काही पडत नाही.

नोकरी मिळण्यासाठी केवळ पदवी पुरत नाही, आणि कधी कधी नोकरीचा हुकूम हाती असूनही तो पुरत नाही. याचा सर्वांत कठीण दाखला याच वडोदऱ्यात घडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधाराने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले, आणि करारानुसार १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. इतके शिकलेला माणूस त्या काळी क्वचितच असेल. जागा ठरलेली होती आणि पगार ठरलेला होता. परंतु राहायला खोली कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास त्यांनी बजावले.

यानंतर काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि ते आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्ष देऊन ऐकले पाहिजे. त्या शहरात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, उद्या माझी पत्नी येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण घराण्यातील होते. पतीचे विचार बदलले होते, परंतु पत्नीचे जुने सोवळे तसेच होते, आणि ती आपल्याला घरात घेणार नाही हे बाबासाहेबांना पुढे कळले. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आज जिला सयाजी बाग म्हणतात त्या बागेत काढले, आणि गाडीने ते निघून गेले. नोकरीही सुटली. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंत त्यांना निरनिराळ्या मार्गांनी पोट भरावे लागले.

बंधुजनहो, त्या ख्रिस्ती गृहस्थाचे नाव आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो दुष्ट होता असेही कोणी म्हणत नाही. त्याने शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. त्याने फक्त उद्यावर टाकले. बाप्तिस्मा झालेल्या घराचे दार त्या दिवशी उघडले असते, तर एका तरुणाची नोकरी टिकली असती. ते उघडले नाही, कारण त्या घरात ख्रिस्त आला होता, परंतु चुलीपर्यंत पोहोचला नव्हता. आपल्या मंडळ्यांत आजही सोयरीक जुळविताना, भाडेकरू ठेवताना आणि शिफारस करताना मूळची जात विचारली जाते की नाही, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या कुटुंबप्रार्थनेत द्यावे.

आता याच्या शेजारी प्रेषितांची कृत्ये यातील अठरावा अध्याय ठेवून पाहा. पौल करिंथ शहरात परका म्हणून आला. तेथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. ते स्वतःही रोमहून घालवून दिलेले, म्हणजे विस्थापितच होते. त्यांचा धंदा तंबू करण्याचा, आणि पौलालाही तोच धंदा येत होता. म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पवित्र शास्त्रात हे अवघ्या तीन वचनांत सांगितले आहे, पण त्यात राहायला जागा आहे, हाताला काम आहे आणि त्याच धंद्यातील माणसांची सोबतही आहे. करिंथची मंडळी पुढे उभी राहिली तिची सुरुवात एका घराच्या खोलीतून आणि एका धंद्याच्या ओळखीतून झाली. वडोदऱ्याला १९१७ साली जे उणे पडले तेच करिंथला मिळाले होते.

बर्णबाचेही पाहा. यरुशलेमात शौलावर कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा बर्णबाने त्याला हाती धरून प्रेषितांकडे नेले आणि त्याच्याविषयी जे खरे होते ते सांगितले. पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा तोच बर्णबा तार्सास गेला, शौलाचा शोध केला आणि त्याला घेऊन आला. आपण म्हणतो तरुणाने काम शोधावे. येथे कामानेच तरुणाचा शोध केला आहे, कारण मध्ये एक बर्णबा होता.

यावर कोणी म्हणेल, हा तर वशिला झाला. नाही. वशिला आणि शिफारस यांत भेद आहे, आणि तो आपल्या मुलांना लहानपणीच शिकविला पाहिजे. पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना फिबी या बहिणीची शिफारस केली आहे. तिने काय सेवा केली, किती जणांना साहाय्य केले, हे त्याने लिहिले. शिफारस खरी गोष्ट सांगते आणि निर्णय दुसऱ्यावर सोडते. वशिला खोटी गोष्ट सांगतो, किंवा खरी असली तरी तिच्या जोरावर दुसऱ्याच्या लायक मुलाची जागा काढून घेतो. आपल्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारांची भरती निघाली आहे, हे मंडळीतील मुलाला सांगणे ही शिफारसही नव्हे, ती नुसती शेजारधर्माची बातमी आहे. आणि तेवढी बातमीदेखील पुष्कळदा दिली जात नाही.

म्हणून आता काही व्यवहारी गोष्टी सांगतो. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी आणि तरुण संघाच्या कार्यकर्त्यांनी त्या नीट समजून घ्याव्यात, कारण मुले प्रथम त्यांनाच विचारतात.

पहिली गोष्ट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. आरंभी हा कायदा मुख्यतः कारागिरीच्या शाखांचा होता. १९७३ साली त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही वाट मोकळी झाली. नंदेसरीच्या पट्ट्यात ज्या शाखेला विशेष महत्त्व आहे ती रासायनिक कारखान्यातील अटेंडंट ऑपरेटरची. तेलशुद्धीकरण कारखान्यांत या शाखेसाठी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलेही घेतली जातात. पदवीधर व पदविकाधारकांच्या उमेदवारीसाठी सरकारचे प्रादेशिक मंडळ मुंबईत आहे, आणि महाराष्ट्र, गुजरात व गोवा ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात. उमेदवारीत विद्यावेतन मिळते. ती पक्की नोकरी नव्हे, आणि ती संपल्यावर त्याच कारखान्याने ठेवून घेतलेच पाहिजे असेही नाही. पण वर्षभर यंत्रापाशी उभे राहिल्याचा दाखला पुढच्या फाटकावर उपयोगी पडतो. पदवीधर मुलगा ऑपरेटर झाला म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना आम्ही सांगू की, आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला.

दुसरी गोष्ट नावनोंदणीची. रिकाम्या जागा रोजगार कचेरीला कळविण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने १९५९ साली केला, आणि ती तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली. पूर्वी त्या कचेरीबाहेर रांगा लागत. आता केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेली नॅशनल करिअर सर्व्हिस आणि गुजरात सरकारने २०२१ साली सुरू केलेले अनुबंधम यांवर मोबाइल फोनवरून नाव नोंदविता येते, आणि त्यास पैसे लागत नाहीत. महाराष्ट्रातील मुलांसाठी महास्वयम आहे. सरकारी जागांच्या जाहिरातींसाठी १९७६ पासून निघणारे रोजगार समाचार हे साप्ताहिक आहे. या चार नावांचा एक कागद मंडळीच्या सूचनाफलकावर लावला तर एक चांगले काम होईल. शिक्षणाची पदवी असूनही फॉर्म कसा भरावा हे न समजलेली मुले आहेत, आणि फॉर्म भरणे रोजचे काम असलेले कारकूनही त्याच मंडळीत आहेत. त्यांची गाठ घालून देण्यास फार मोठी सभा भरवावी लागत नाही.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस गोड बोलतो, रेल्वेत किंवा रिफायनरीत आपले साहेब आहेत असे सांगतो, आणि शिक्क्याचा हुकूमही आणून दाखवितो. परीक्षेचे रीतसर शुल्क वेगळे. त्याखेरीज सरकारी नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर तेथून उठावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत, प्रती द्याव्यात. आईचे दागिने गहाण टाकून जागा विकत घेणाऱ्याने आपण फसलो तर काय, एवढाच विचार करू नये. न फसता ती जागा मिळाली तरी ती कोणाच्या हक्काची होती, हाही विचार करावा.

चौथी गोष्ट कामावर लागताना विचारायच्या प्रश्नांची. ठेकेदाराकडे काम मिळाले तरी नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि राज्य विम्याचे कार्ड मागावे. हे मागणे उद्धटपणाचे नाही. रसायनांच्या कारखान्यात आणखी एक प्रश्न आहे, तो जिवाचा. नंदेसरीतच २०२२ च्या जून महिन्यात एका कारखान्यात स्फोट होऊन मोठी आग लागली, कामगारांना इस्पितळात न्यावे लागले आणि जवळपासच्या लोकांना तेथून हलवावे लागले. म्हणून मुलाने पहिल्या दिवशी विचारावे की, वायू सुटला तर कोणत्या दिशेला धावायचे, मुखवटा कोठे आहे, आणि तो वापरायला कोण शिकवील. आपला जीव हे देवाने दिलेले ठेवणे आहे. पहिल्या पगाराच्या आनंदात ते विसरू नये.

पाचवी गोष्ट भाषेची. वडोदऱ्यात मराठी घरात चालते, पण कारखान्याच्या फळ्यावरची सूचना गुजरातीत असते, आणि मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत होते. बाहेरून येणाऱ्या मुलाने दोन महिने आधी गुजराती अक्षरे शिकून घेतली तर त्याचे पुष्कळ काम सोपे होईल. बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्यांनी कारखान्यात आपल्याला जागा नाही असे समजू नये. भांडार, माल पाठविणे, हिशोब, कामगारांची हजेरी ही कामे प्रत्येक कारखान्याला असतात, आणि संगणकावर हिशोब ठेवता येणाऱ्या मुलीला तेथे मान मिळतो. मुलगी कामाला जाणार म्हणून तिच्या येण्याजाण्याची चौकशी जरूर करावी. पण चौकशी म्हणजे मनाई नव्हे.

आता मंडळीकडे वळतो. एखाद्या मंडळीला कारखाना काढता येणार नाही, आणि पाळकसाहेबांनी साऱ्या तरुणांना नोकऱ्या लावाव्यात अशी अपेक्षा करणेही बरे नव्हे. परंतु तीन गोष्टी लहानातल्या लहान मंडळीलाही करता येतील. पंचांपैकी एकाने मंडळीतील कोण कोठे कामाला आहे, कोण निवृत्त झाले आहे आणि कोणत्या मुलाने काय शिकले आहे, याची वही ठेवावी. महिन्यातील एका रविवारी उपासनेनंतर एक तास अर्ज लिहिणे, मुलाखतीचा सराव करणे आणि जाहिराती वाचणे यासाठी ठेवावा. आणि शहरात घर असलेल्या कुटुंबांनी, परगावाहून मुलाखतीस आलेल्या मुलाला दोन रात्री अंथरूण व जेवण देण्यासाठी आपली नावे द्यावीत. मुलाखत सकाळी नऊला असते, आणि नंदुरबारचा मुलगा रात्र फलाटावर काढून तेथे पोहोचतो. त्याला आंघोळ करून, पोटभर न्याहारी करून जाता आले तर त्याच्या उत्तरांतही फरक पडेल. ही नावे देताना, येणारा कोणत्या समाजाचा, हे विचारायचे नाही. १९१७ साल आठवावे आणि दार उघडावे.

तरुणांनो, तुम्हांलाही एक शब्द आहे. बाजारातील ती माणसे अकराव्या तासापर्यंत उभी राहिली, म्हणून धन्याला सापडली. दहाव्या ताशी घरी गेली असती तर सापडली नसती. अर्जाला उत्तर न येणे हा तुमच्या लायकीवरचा निकाल नाही. एका जागेसाठी अनेक अर्ज असतात, आणि नाकारलेल्यांत चांगली माणसेही असतात. अर्जात न केलेले काम केले म्हणून लिहू नका. न झालेली परीक्षा झाली म्हणून सांगू नका. काम मिळेपर्यंतचा काळ रिकामा जाऊ देऊ नका. शेजारच्या मुलांना गणित शिकवा, एखादा धंदा हाताखाली घ्या, आणि रविवारच्या शाळेत एक वर्ग सांभाळा. आणि ज्या दिवशी तुम्ही फाटकाच्या आत जाल त्या दिवसापासून बाहेर उभा असलेला तुमचा बंधू विसरू नका. पहिल्या ताशी आलेल्यांना शेवटी आलेल्यांची मजुरी खुपली, हाही त्याच दाखल्याचा भाग आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात या दाखल्यावर तीन प्रश्न घ्यावेत. धनी बाजारात किती वेळा गेला आणि का गेला? आपल्या मंडळीत आज बाजारात कोण उभे आहे? आपल्या घरातील कोणाला कोणत्या मळ्याची वाट ठाऊक आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी विचारून पुढच्या रविवारी आणावे. त्या उत्तरांतूनच पंचांची वही भरू लागेल.

हे प्रभो, तू अकराव्या ताशीही बाहेर पडतोस. बाजारात थकून उभ्या असलेल्या आमच्या मुलामुलींना धीर दे, त्यांना लबाडांच्या हातातून राख, आणि यंत्रांपाशी व भट्ट्यांपाशी त्यांचे रक्षण कर. ज्यांना तू घर दिले आहेस त्यांना दार उघडण्याची बुद्धी दे. ज्यांना तू जागा दिली आहे त्यांना बर्णबाचे पाय दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.